विषय : जादा वेळ मिळणेबाबत

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत,
झेरॉक्स आणि चहाच्या टपरीमधे
मी दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप करते.
व्हिसा, भाडेकरार, हरवलेला पासपोर्ट,
एकदा एका बाईच्या नवऱ्याचं शव घरी नेण्याचा.
पानाला पंधरा दिरहम.
कुणी सांगत नाही, तरी प्रत्येकात एक शब्द घालते :
नम्रपणे.
बोटांना सवय झालीय, गुडघ्यांना असते तशी.

आज दुकान मिटल्यावर
स्वतःचा अर्ज काढलाय.
अर्जदार : मी.
कोणासाठी : तन्मय, इयत्ता सहावी, तुकडी ड.

हो, तन्मय.
आत्यानं कानात कुर्र केलं तेव्हाही
हा पंख्याकडे बघत होता.

शाळेच्या डायरीत लाल शाईनं त्याची वर्षं :
चुळबुळ करतो. उत्तर अर्धं सोडतो.
दुसऱ्याच्या उत्तरात बोलतो.
यंदाच्या पानावर नुसतं, पुन्हा तेच.

कुणी लिहिलं नाही
की एसीखालची बादली किती थेंबांत भरते
हे आमच्या इमारतीत फक्त त्याला ठाऊक आहे,
की खाडीतल्या कुठल्या गलबताला या आठवड्यात
नवा हिरवा रंग लागला,
की बसमधल्या ओमना चेचीचा चष्मा
चाळीस पोरांत ह्यालाच सापडला,
तिच्याच केसांत.

सुपरवायझर बाई चांगल्या आहेत.
खजुराची ताटली पुढे करतात.
मग कागद पुढे करतात, हमीपत्र.
सोबतीला शिक्षिका ठेवा, पगार तुम्ही द्या,
वर्गाला त्रास झाला तर मूल घरी न्याल, इथे सही.
त्या शिक्षिकेच्या आणि माझ्या नवऱ्याच्या पगारात
चारशे दिरहमचा फरक आहे.
जास्त कुणाचा, ते सांगत नाही.

नवरा म्हणतो, करून टाक सही.
आपण इथं पाहुणे.
पाहुण्यानं पानात पडलं ते खावं,
मीठ मागू नये.

मी म्हणते, मीठच तर मागतेय.

कायदा मी वाचला नाही, टाइप केलाय.
एका सुदानी बाईसाठी, तिच्या बहिऱ्या मुलीसाठी, तीनदा,
कारण दोनदा शाळेनं हरवला.
अरबी उजवीकडून आली, इंग्रजी डावीकडून,
आणि दोघी मधे एकाच जागी थांबल्या :
मूल. शाळा. दार बंद करता येणार नाही.
अशा मुलांना इथल्या कागदांत
हिंमतीची माणसं म्हणतात. हिमम.
म्हणजे आपली हिंमतच की.
ती कधीतरी समुद्र ओलांडून आपल्या भाषेत आली,
मी तिला परत घेऊन आलेय,
डॉक्टरांच्या रिपोर्टला टाचून.

मागणं एवढंसं.
पेपरला पंचवीस मिनिटं जादा.
जागा खिडकीपासून लांब, कठड्यावर कबुतरं बसतात.
एका वेळी एकच सूचना.
आणि मधे एकदा उठून पाणी पिऊन येऊ द्यावं,
ते पाणी डायरीत लिहू नये.

टेबलाखालून आवाज येतो :
पंचवीसच का? सव्वीस का नाही?
थोड्या वेळानं, आई, तुझं एक बटण अडकतंय,
दर वेळी दोनदा वाजतं.
खरंच वाजतं. नऊ वर्षं वाजतंय.

मी पहिल्या ओळीवर परत जाते.
नम्रपणे पुसते.
वाक्य उघडं पडतं, थोडं वारं लागतं त्याला.
शेवटी एक ओळ वाढवते :
नकार द्यायचा असल्यास कारणासह लेखी कळवावा.

कागद गरम बाहेर येतो.
सही करते, माझी, हमीपत्रावर नाही.

चल, म्हणते.
त्याच्या एका पायात बूट आहे.
दुसरा हातात, आणि तो हात गल्लीतल्या मांजराच्या दिशेनं
मधेच थांबलेला.

मी शटर अर्धं ओढते
आणि उभी राहते.